गाडीचे मौखर्य

गेल्या चातुर्मासात पहाटेच्या सामायिकात माझे चित्त काही केल्या स्थिर राहत नव्हते. त्याचे कारण घरातलेच असल्यामुळे ते उघडपणे सांगण्यास संकोच वाटत होता. माझा पुतण्या मालवाहतुकीचा व्यवसाय करतो. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद, गूळ, बेदाणा भरून त्याचा सहाचाकी ट्रक आंबा घाटातून रत्नागिरीकडे जातो. पहाटे साडेचारला गाडी आमच्या गल्लीतून निघते. आषाढात त्याने गाडीचा कंपनीचा सायलेन्सर उतरवला आणि बाजारातून सरळ नळीचा, भारदस्त आवाजाचा नवा सायलेन्सर आणून बसवला. त्यासाठी साडेनऊ हजार रुपये मोजले. पहिल्या दिवशी गाडी सुरू झाली तेव्हा समोरच्या घराची तावदाने थरथरली. पुतण्या मात्र प्रसन्न होता. "काका, आवाज नसेल तर गाडीला रुबाब कसला?" असे तो म्हणाला. मी हसलो आणि गप्प राहिलो.

हा रुबाब नेमका कसला असतो, हे समजून घेण्यासारखे आहे. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन जळते आणि तापलेला वायू दाबाने बाहेर फेकला जातो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० वेळा असा झोत नळीत शिरतो. हे झोत थेट हवेत सुटले की कानठळ्या बसतात. सायलेन्सरच्या डब्यात आडवे पडदे, छिद्रे पाडलेल्या नळ्या आणि लहानमोठे कप्पे असतात. ध्वनीची लाट त्यांवर आदळून परतते आणि मागून येणाऱ्या लाटेला बरीचशी निष्प्रभ करते. सरळ नळीच्या प्रकारात हे कप्पे नसतात. छिद्रांच्या नळीभोवती काचेची लोकर भरलेली असते आणि तीच काय तो आवाज शोषते. ही लोकर उष्णतेने हळूहळू झडत जाते, म्हणून असा सायलेन्सर दिवसेंदिवस अधिकच गर्जू लागतो.

"वायू मोकळा गेला की गाडीची ताकद वाढते," असे विक्रेते सांगतात. टर्बो बसवलेल्या डिझेल ट्रकच्या बाबतीत हा लाभ फार थोडा असतो. आवाजाने ओझे ओढले जात नाही. ओझे ओढते ती चाकापर्यंत पोचलेली शक्ती. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. आमच्या गल्लीतले साडेचार हे कायद्याच्या दृष्टीने रात्रच ठरतात. आवाजाच्या व प्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालवल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. हे सारे मला ठाऊक होते. तरीही मी पुतण्याला काही बोललो नाही. मोठ्या भावाच्या पश्चात त्याने हिमतीने उभा केलेला धंदा आहे, त्यात आपण कशाला बोला, अशी माझी मी समजूत घातली.

श्रावण सरता सरता गाडीतून खडखड येऊ लागली. दुसऱ्या गिअरमध्ये, ठरावीक वेगाला, डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज येई आणि वेग वाढला की नाहीसा होई. ज्याने सायलेन्सर विकला त्याने "नवीन आहे, बसेल आपोआप" असे सांगून वाटेला लावले. पुतण्याने उपाय म्हणून केबिनमधला टेप मोठा केला. अखेर दशलक्षण पर्वातल्या रविवारी गाडी घरीच उभी होती, तेव्हा त्याने आपल्या जुन्या मिस्त्रींना बोलावले आणि मीही खुर्ची टाकून अंगणात बसलो.

मिस्त्रींची पद्धत पाहून मला माझ्या नोकरीतले दिवस आठवले. ताळेबंद जुळत नसे तेव्हा आम्ही सगळी खाती पहिल्यापासून तपासत नसू. आधी फरकाची रक्कम पाहत असू. तिला नऊने निःशेष भाग गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असेल, ५४ च्या जागी ४५ पडले असतील, असा संशय घेत असू. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत सापडली, तर ती नोंद नावेऐवजी जमेला गेली असेल असे धरत असू. शोधाचे क्षेत्र आधी लहान करायचे, हाताने चाळायचे ते नंतर. मिस्त्रींनीही प्रथम हत्यार उचलले नाही, प्रश्न विचारले. गाडी उभी असताना रेस दिली तर आवाज येतो का? न्यूट्रलमध्ये उतारावर येतो का? थंड गाडीत जास्त येतो की तापल्यावर?

या प्रश्नांमागे साधा विवेक आहे. उभ्या गाडीत, इंजिनाच्या वेगाबरोबर आवाज बदलत असेल तर दोष इंजिनात किंवा सायलेन्सरच्या वाटेवर असतो. इंजिनाचा वेग बदलूनही जो आवाज चाकांच्या वेगाशीच बांधलेला राहतो, तो चाक, ॲक्सल किंवा प्रोपेलर शाफ्टकडून येतो. थंड असताना टिकटिक आणि तापल्यावर शांत, असे असेल तर मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा, कारण धातू तापून फुगला की फट बुजते. तशा सांध्यावर काजळीचा काळा डागही दिसतो. आमच्या गाडीचा आवाज उभ्यानेच येत होता, म्हणजे शोध इंजिनापासून मागच्या नळीच्या टोकापर्यंत सीमित झाला.

मग गाडी पूर्ण थंड असताना, चाकांना ओंडके लावून मिस्त्री खाली शिरले. पुढून मागे एकेक भाग त्यांनी रबरी हातोडीने ठोकून पाहिला, नळी हाताने हलवून पाहिली. उष्णतेपासून रक्षण करणारा पातळ पत्रा एका बाजूने सुटला होता, बोल्टभोवतीचे त्याचे भोक गंजून मोठे झाले होते. त्याखेरीज नवी नळी लटकवताना कडी चुकीच्या जागी वेल्ड केल्यामुळे नळी चासीच्या आडव्या पट्टीला टेकत होती. ठरावीक वेगालाच खडखड का, याचे उत्तरही मिळाले. प्रत्येक पत्र्याला आपली एक कंपनाची गती असते. इंजिनाचे धक्के त्या गतीशी जुळले की पत्रा नाचतो, पुढे गेले की थांबतो. मोठा वायसर घालून पत्रा आवळला, कडी कापून पुन्हा जोडली, एका वेळी एकच दुरुस्ती आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर चाचणी. तासाभरात खडखड संपली. पुतण्याने चहा मागवला.

चहा घेताना ड्रायव्हर सहज म्हणाला, "रिकाम्या गाडीत मागून कधीकधी टकटक वाटते. पण या पाइपच्या आवाजात नीट कळत नाही." मिस्त्री गाडी फिरवून आले आणि म्हणाले, "मलाही काही कळेना दादा. हा पाइप उतरवू या." पुतण्याच्या कपाळावर आठी पडली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी मध्ये बोललो. "तासाभरासाठी तरी जुना लाव," असे म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिले आणि शेडमधून जुना सायलेन्सर काढून आणला.

गाडी पुन्हा गल्लीत फिरली. एवढी मोठी गाडी इतकी शांत असू शकते याचा मला विसरच पडला होता. आणि त्या शांततेत टकटक आम्हा सर्वांना ऐकू आली. मंद, चाकाच्या फेऱ्यागणिक एकदा, न्यूट्रलमध्येही तशीच. मागच्या डाव्या जोडचाकाचे तीन नट हाताने फिरत होते. नटांभोवती तांबूस गंजाच्या रेघा उतरल्या होत्या आणि रिमची भोके झिजून लांबट झाली होती. पंधरा दिवसांपूर्वी तो टायर बदलला होता. चाक बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर धावून झाले की नट पुन्हा आवळायचे असतात, ते राहून गेले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे हीच गाडी हळदीची पोती भरून आंबा घाट उतरणार होती. पुतण्या फाळक्याला टेकून बराच वेळ उभा राहिला. ड्रायव्हर दोन लेकरांचा बाप आहे. कुणी काही बोलले नाही.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट उघड झाली. वहिनींचा, म्हणजे पुतण्याच्या आईचा, पलंग रस्त्याकडच्या खोलीतून मागच्या कोठीत गेला होता. उकाड्यामुळे हलवला, असे त्या सांगत होत्या. कोठीला खिडकीसुद्धा नाही, हे त्याला त्या दिवशी प्रथम जाणवले. "आई, आवाजामुळे ना?" असे त्याने विचारले. त्या म्हणाल्या, "तू एवढ्या हौसेने बसवलास, कसं सांगायचं?"

आपल्या आचार्यांनी श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती सांगितली आहे. जगताना काही आरंभ अटळ असतो. ट्रक चालणार, इंधन जळणार, थोडा आवाजही होणार. पण ज्यातून कोणतेही प्रयोजन साधत नाही अशी पीडा ती अनर्थदंड. या व्रताच्या अतिचारांत एक आहे मौखर्य, म्हणजे निरर्थक बडबड. आजवर मी ते माणसांच्या जिभेपुरतेच समजत होतो. गाडीलाही मौखर्य असू शकते, हे त्या रविवारी उमगले. त्याचा त्रास शेजाऱ्यांना, आजाऱ्यांना, झाडावरच्या पाखरांना होतोच. पण जी सूचना ऐकणे प्राणरक्षणासाठी आवश्यक असते, तीही त्याखाली दडपली जाते.

पुतण्याचा दोष इथे लिहिला, तर माझाही लिहिला पाहिजे. त्या दोन महिन्यांत आसनावर बसून मी मनात काय घोळवत होतो? याला पोलिसांनी एकदा पकडावे, दहा हजार भरावे लागले म्हणजे कळेल, असे. दुसऱ्याची हानी चिंतणे याला अपध्यान म्हणतात आणि तोही अनर्थदंडाचाच प्रकार आहे. बाहेरून माझे मौन होते, आत मात्र अखंड खडखड चालू होती. पहिल्याच दिवशी प्रेमाने चार शब्द बोललो असतो, तर ती टकटक पंधरा दिवस आधीच ऐकू आली असती. वहिनींची माया आणि माझे अपध्यान यांत अंतर खूप, पण दोन्हींचा परिणाम एकच झाला. ज्याला कळायला हवे त्याला कळले नाही.

रिम बदलून गाडी एक दिवस उशिरा गेली. जुना सायलेन्सर कायम राहिला. क्षमावाणीच्या दिवशी पुतण्या गल्लीत घरोघरी जाऊन आला आणि शेवटी माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला उठवून आधी माझी क्षमा मागितली. कशाबद्दल, ते त्याला या लेखातूनच कळेल.

ज्यांच्या घरी ट्रक, पिकअप वा मोटार आहे त्यांना एवढेच सुचवतो की, महिन्यातून एकदा टेप बंद करून, काचा खाली करून, मोकळ्या रस्त्यावर गाडी हळू चालवावी आणि ऐकावे. आवाज इंजिनाचा की चाकाचा, एवढे ठरले तरी निम्मे काम होते. सायलेन्सरची तपासणी उघड्यावर करावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, त्या धुरातील विषारी वायूला वास नसतो. आणि घरात कुणी आपला पलंग मुकाट्याने हलवला असेल, तर त्याचेही कारण विचारावे.

जय जिनेंद्र.