काटा थांबला, म्हणून तुम्ही थांबू नका

"डॉक्टर, तुमचा काटा बिघडलाय बहुतेक!"

गेल्या सोमवारी दवाखान्यात पाऊल टाकताच एका ताईंनी तक्रार केली. वय पंचेचाळीसच्या आसपास, लालबागच्या जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड, आईला मधुमेह आणि स्वतःची साखरही काठावर. म्हणून अडीच महिन्यांपूर्वी मीच त्यांना वजन उतरवायला सांगितले होते. त्यांनी मनावर घेतले. चहातली साखर बंद, रात्रीचा भात निम्मा, संध्याकाळी पाऊण तास चालणे. पहिल्या पाच आठवड्यांत साडेचार किलो उतरले. ताई खूश, मीही खूश. पुढच्या पाच आठवड्यांत मात्र काटा 74 वर जो बसला तो हलेना. "एवढं करून काही होत नसेल तर मन मारून जगायचं कशाला? त्यापेक्षा पोटभर जेवते," ताई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

काटा बिघडलेला नव्हता. ताई खोटे बोलत होत्या असेही नाही.

हे सदर वाचणाऱ्या कित्येक घरांतले कोणी ना कोणी लालबाग-परळला पोटापाण्यासाठी आलेले आहे. पण हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. तालुक्याच्या गावातही सकाळी रस्त्याने झपझप चालणारी मंडळी दिसतात आणि दोन महिन्यांनी त्यांतली निम्मी दिसेनाशी होतात. ती आळशी असतात म्हणून नव्हे. काटा थांबला की त्यांना वाटते, आपण नापास झालो.

या बाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक आधी सांगतो. पंधरा-एक वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे वजनासाठी येत. रात्रपाळीचे रखवालदार, मधुमेह नुकताच सापडलेला. तिसऱ्या खेपेला वजन उतरले नाही, तेव्हा भरल्या दवाखान्यात मी त्यांना म्हटले, "चोरून काय खाता ते सांगा!" बाकावरची माणसे हसली. तेही हसले, आणि पुन्हा आले नाहीत. आले ते तीन वर्षांनी, पायाची जखम घेऊन. साखर तीनशेच्या वर. शेवटी पायाचे एक बोट काढावे लागले. माझ्या त्या एका वाक्याने बोट गेले असे मी म्हणणार नाही. पण त्या वाक्याने औषधोपचाराचा धागा तुटला हे खरे. तेव्हापासून काटा थांबलेल्या माणसाला मी दटावत नाही. का थांबला, ते समजावून सांगतो.

मी गिरणगावातलाच. वडील गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. सुरुवातीला आईने डब्यातली शिल्लक बाहेर काढली. ती बघता बघता संपली. संप लवकर मिटत नाही हे दिसल्यावर तिने खर्चाला कात्री लावली. दूध निम्मे झाले, दिवा लवकर मालवू लागला, नवे कपडे बंद. कुठून चार पैसे आलेच तर ते आधी डब्यात जात, मग आमच्या हाती. पगार थांबला तरी तिने घर पडू दिले नाही.

आपले शरीर हुबेहूब माझ्या आईसारखे वागते. जेवण कमी झाले की ते प्रथम हाताशी असलेली शिल्लक काढते. ही शिल्लक म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, तिला ग्लायकोजेन म्हणतात. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. शिल्लक संपते तसे हे पाणीही जाते. फरसाण, लोणचे, पापड कमी केल्याने मीठ घटते, त्यामुळे आणखी थोडे पाणी जाते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत काटा भराभर उतरतो. त्या आनंदात आपण समजतो की एवढी चरबी गेली. चरबी जातच असते, पण सावकाश.

मग सुरू होते काटकसर. वजन कमी झाले की तेच जिने चढायला, तेवढेच अंतर चालायला कमी शक्ती लागते. शिवाय शरीर आतला खर्चही आवरते घेते. अमेरिकेत मिनेसोटा येथे 1944-45 साली अँसेल कीज यांनी 36 तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिले. त्यांचे वजन सुमारे पावपट उतरले, पण विश्रांतीच्या वेळचा शरीराचा खर्च त्याहून जास्त, सुमारे 40 टक्के घटला. आपले पथ्य एवढे कडक नसते, पण तत्त्व तेच.

आणि भूक? अलीकडच्या संशोधनात असा हिशेब निघाला आहे की, वजन एक किलोने उतरले की शरीराचा रोजचा खर्च वीस-तीस कॅलरींनी घटतो, पण भूक मात्र रोज सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. म्हणजे साडेचार किलो उतरवलेल्या ताईंच्या मागे भूक रोज साडेचारशे कॅलरींचा तगादा लावून बसली आहे! अशा वेळी हात नकळत सैल पडतो. पोळीला तूप थोडे जास्त, मुलाच्या ताटातले उरलेले दोन घास, चिवडा गल्लीतून आणलेल्या पुडीतली मूठभर चव. याला चोरून खाणे म्हणत नाहीत. शरीर मागते आणि आपल्याला कळतही नाही.

या दोन्ही गोष्टी मिळून एक दिवस जमा आणि खर्च जुळतात. काटा थांबतो. आता नीट लक्ष द्या. ताई म्हणतात, "काही होत नाही." मी म्हणतो, पुष्कळ होते आहे. शरीर त्यांना पुन्हा साडेअठ्ठ्याहत्तर किलोकडे ओढते आहे आणि त्या 74 वर पाय रोवून उभ्या आहेत. रस्सीखेचीत दोर जागेवर असतो, तेव्हा कोणी जोर लावत नसते का? त्यांनी दोर सोडला तर वजन 74 वर राहणार नाही. ते पूर्वीच्या जागी जाईल, कदाचित त्याच्याही पुढे.

आणि मुख्य प्रश्न असा की, वजन उतरवायचे तरी कशासाठी? ताईंना मधुमेह टाळायचा होता. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर काठावर असलेल्या 531 भारतीयांवर केलेला अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला दिला होता, त्यांच्यापैकी 55 टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह जडला. ज्यांच्याकडून आहार आणि चालण्याचा पाठपुरावा करून घेतला, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 39 टक्के राहिले. यातली गंमत पुढेच आहे. या दुसऱ्या गटाचे सरासरी वजन फारसे हललेच नव्हते! काटा जागेवर होता, तरी फायदा झाला. माझ्या मते हा निष्कर्ष प्रत्येक दवाखान्याच्या वजनकाट्यावर चिकटवायला हवा.

काटा सगळे सांगत नाही, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार मजेशीर रीतीने दाखवले. त्यांनी आपली तुलना आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांच्याशी केली आणि 2004 साली ती 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापून आली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. आपण भारतीय दिसायला बारीक असलो तरी चरबी पोटाभोवती साठवतो. म्हणून काट्यापेक्षा शिंप्याची टेप आपल्याला जास्त खरे सांगते. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांची 80 च्या आत असावी. महिन्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी, श्वास सोडून मोजा.

मग काटा थांबल्यावर करायचे काय?

पहिले, उपास वाढवू नका. आणखी उपाशी राहिलात की स्नायू झडतात, भूक पेटते आणि एका रात्री सगळा संयम सुटतो. उपासाला साबुदाण्याची खिचडी खाणार असाल तर तो उपास वजनाच्या कामी येत नाही, हेही सांगून ठेवतो.

दुसरे, आठवडाभर खाल्लेले सगळे वहीत लिहा. दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे जवळजवळ दोनशे कॅलरी. घरात महिन्याला तेल किती लिटर येते, ते खाणाऱ्या तोंडांनी भागा. माणशी अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर गळती तिथे आहे.

तिसरे, स्नायू सांभाळा. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, असे दिवसातून तीनदा. जिना चढा. ताटात उसळ, डाळ, अंडे किंवा बांगडा असू द्या, भाताचा डोंगर थोडा खचू द्या.

चौथे, वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वेळी, त्याच काट्यावर करा. रोज करून रोज रडू नका. एक-दीड किलोचा फरक पाण्याचाही असतो.

पाचवे, दोन-तीन महिने सगळे नीट पाळूनही वजन हलत नसेल किंवा वाढत असेल तर डॉक्टरांना भेटा. थायरॉइड तपासावे लागते, चालू औषधे पाहावी लागतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण आपल्या मनाने कमी करू नये. साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते, जिवावरही बेतते. आणि प्रयत्न न करता वजन उतरू लागले, तर आनंद मानू नका, तपासणी करा.

'महिन्यात दहा किलो, नाही तर पैसे परत' असल्या जाहिरातींबद्दल काय लिहावे? पहिल्या महिन्यातले पाणी विकून पैसे घेण्याचा तो धंदा आहे. वजनाची नवी इंजेक्शने 2025 साली आपल्याकडेही आली. ती खरोखर काम करतात आणि काही रुग्णांना आवश्यकही असतात. पण त्यांवरही काटा एका टप्प्यावर थांबतो, आणि ती बंद केली की वजन बहुधा परतते. शरीराची काटकसर कोणालाच चुकत नाही.

शेवटची विनंती घरच्यांना. "काय, चालून चालून काय मिळवलंस?" हा टोमणा कृपा करून मारू नका. आई, बायको, सून ही सगळ्यांसाठी रांधते आणि शेवटी उरलेले खाते. तिच्यासाठी वेगळे पथ्याचे ताट वाढणारे कोणी नसते. तेव्हा घरातले तेल आणि साखर सगळ्यांचीच कमी करा.

त्या ताईंची कंबर मी परिचारिकेकडून मोजून घेतली. पाच आठवड्यांत वजन अजिबात उतरले नव्हते, पण कंबर तीन सेंटिमीटरने कमी झाली होती. "जिना कसा काय चढता?" मी विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी दुसऱ्या मजल्यावर बसावं लागायचं. आता सरळ वर जाते. माझ्या लक्षातच आलं नाही."

पुढच्या महिन्यात त्या पुन्हा येणार आहेत. तेव्हा आधी टेप, मग जिन्याची चौकशी, मग साखरेचा रिपोर्ट आणि काटा सर्वांत शेवटी, असे आमचे ठरले आहे. तुम्हीही हाच क्रम ठेवून पाहा.