ताडपत्री पाहण्याआधी माल पाहा

शेतातला माल बाजार समितीपर्यंत नेण्याचे मोठे काम आज महाराष्ट्रात पिकअप आणि ‘छोटा हत्ती’ या गाड्या करतात. गाडी घेताना मालक इंजिन बघतो, मायलेज विचारतो, किती टन ओढेल याची खात्री करून बँकेचा हप्ता बसवतो. हौद्यावर काय टाकायचे हा प्रश्न मात्र मृगाच्या तोंडावर उभा राहतो आणि दुकानात जी ताडपत्री स्वस्त मिळेल तिच्यावर मिटतो. हौद्याचे आच्छादन म्हणजे पावसाची सोय, ही समजूतच मला चुकीची वाटते. आच्छादन मालाच्या स्वभावावरून ठरले पाहिजे. भाजीपाला आणि फळे वाहणाऱ्या गाडीला तर पावसाळा सोडून उरलेल्या आठ महिन्यांत उन्हाचीच काळजी अधिक करावी लागते.

तोडलेला टोमॅटो किंवा उपटलेली मेथी मेलेली नसते. तिचा श्वास चालूच असतो, त्यातून उष्णता आणि बाष्प बाहेर पडते, आणि तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की हा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. भर दुपारी भरलेल्या कॅरेटवर काळी प्लास्टिकची ताडपत्री घट्ट आवळली, की वरून ऊन ती तापवते आणि आत मालाची स्वतःची उष्णता कोंडते. ताडपत्रीच्या आतून पाणी धरते, ते पाल्यावर ठिबकते आणि कोथिंबिरीची जुडी बाजारात उतरेपर्यंत पिवळी पडू लागते. लुधियानाच्या ‘सिफेट’ या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेने २०१५ मध्ये फळे-भाज्यांची काढणीनंतरची नासाडी पिकानुसार ४.५८ ते १५.८८ टक्के असल्याचे नोंदवले. हा सगळा तोटा गाडीतला नाही; त्यात तोडणी, प्रतवारी, साठवण, विक्री असे सगळे टप्पे येतात. पण शीतगृह बांधणे एकट्या शेतकऱ्याच्या हातात नसते, हौद्यावर काय टाकायचे ते असते. यावर कोणी म्हणेल, माल तर रात्री निघतो आणि पहाटे वाशीच्या बाजारात पोचतो, तेव्हा ऊन कुठून येणार? ऊन नसते, पण दिवसभर शेतात तापलेला माल ती उष्णता घेऊनच गाडीत चढतो. रात्रीची गार हवा त्याच्यापर्यंत पोचलीच नाही, तर ती रात्र वाया जाते.

म्हणून ताडपत्री फेकून द्या असे कोणी समजू नये. लासलगावात किंवा पिंपळगावात कांद्याचा लिलाव गाडीपाशीच होतो, आणि रांगेत उभ्या असलेल्या उघड्या कांद्यावर अवकाळीची एक सर आली तर भावच पडतो. तिथे चटकन ओढता येईल आणि व्यापारी आला की तितकीच चटकन बाजूला करता येईल अशी पाणी न झिरपणारी ताडपत्री हवी. पोत्यांत भरलेले धान्य, खत, सिमेंट यांना हवेची गरज नाही, त्यांना बंदिस्तच ठेवावे. बांधकामाचे साहित्य आणि राडारोडा उघड्या गाडीतून नेण्यास केंद्राच्या पर्यावरण खात्याने २०१८ च्या अधिसूचनेने मनाई केली आहे. तिथे रस्त्यावर धूळ उडू नये हा हेतू आहे. एकाच गाडीला हंगामाप्रमाणे हे सगळे वाहावे लागते, म्हणून एकच आच्छादन पुरणार नाही.

भाजीच्या गाडीला माझ्या मते तीन गोष्टी हव्यात. पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे हौद्यावर लोखंडी पाइपच्या काढता-घालता येणाऱ्या कमानी. त्यांच्यामुळे आच्छादन मालाला टेकत नाही, मधून हवा खेळते, पाण्याचे डबके साचत नाही आणि वरच्या थरातला टोमॅटो दोरीखाली चेपत नाही. कमानींवर उन्हासाठी पांढरे शेडनेट; आपल्याकडच्या पॉलिहाउसवाल्या शेतकऱ्याला ते नवे नाही. आणि पावसासाठी वेगळी ताडपत्री, फिक्या रंगाची, अतिनील किरणांना टिकणारी. मापही नीट घ्यावे. हौदा सुमारे ९ फूट लांब व साडेपाच फूट रुंद आणि माल तळापासून ४ फूट उंच असेल, तर चारही बाजूंनी खालपर्यंत झाकायला १५ बाय १८ फुटांची ताडपत्री लागते. ती १२० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम) घेतली तर वजन तीन किलो, २५० जीएसएमची घेतली तर सहा किलोंच्या थोडे वर. टनावारी माल ओढणाऱ्या गाडीला हा तीन किलोंचा फरक काहीच नाही, टिकाऊपणात मात्र तो मोठा आहे. वेग ताशी ४० किलोमीटरवरून ८० वर गेला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, आणि पातळ ताडपत्री आधी आयलेटपाशी फाटते. सुटलेले टोक आणि लोंबणारी दोरी मागच्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाणार नाही हेही बांधतानाच बघायला हवे.

हौद्यावर पत्र्याची बंद बॉडीच बांधावी, असा सल्ला पुष्कळ जण देतात. कुरिअरसाठी, किराणा मालासाठी ती उत्तमच. पण थंडावा देणारे यंत्र नसेल तर उन्हात उभी राहिलेली पत्र्याची पेटी भाजीसाठी ताडपत्रीहून वाईट ठरते, शिवाय तिच्या वजनाइतका माल कमी भरावा लागतो. खर्चाचा आक्षेप अधिक खरा आहे. माल शेतकऱ्याचा, गाडी दुसऱ्याची. नासाडी झाली तरी ठरलेले भाडे मिळतेच, मग कमानींवर पैसे घालावेत असे गाडीमालकाला का वाटावे? याचे उत्तर उपदेशाने मिळणार नाही. चार शेतकरी मिळून एकच गाडी हंगामभर ठरवतात तेव्हा कमानी आणि शेडनेट असलेल्या गाडीला खेपेमागे थोडे जास्त भाडे त्यांनी कबूल करावे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी तर ही अट करारातच घालावी.

काही जिल्हा परिषदा सेस फंडातून शेतकऱ्यांना ताडपत्रीसाठी अनुदान देतात. अनुदानाच्या त्याच यादीत पिकअपच्या कमानी आणि शेडनेट यांचाही समावेश त्यांच्या कृषी विभागाने येत्या उन्हाळ्याआधी करावा.