झिजलेले शब्द

मित्रांच्या मेळाव्यात बसून सामना पाहण्याची गोडी काही आगळीच! परंतु सामना संपताच ‘धुव्वा उडविला’, ‘धूळ चारली’, ‘अस्मान दाखविले’ हेच शब्द साऱ्यांच्या मुखी येतात. ‘अस्मान दाखविणे’ हा प्रयोग मूळचा कुस्तीच्या आखाड्यातला. चीत झालेल्या मल्लाची पाठ मातीला टेकते आणि त्याच्या डोळ्यांपुढे आकाशच उरते. केवढे जिवंत चित्र हे! पण क्रिकेटमध्ये कोणाची पाठ मातीला टेकते?

हाताळून हाताळून नाण्यावरील ठसा झिजतो, तसा अतिवापराने शब्दांचा अर्थही झिजतो. मग असा शब्द नकळत असत्य बोलू लागतो. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारताने श्रीलंकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्या वेळी अवघे १० चेंडू शिल्लक होते. श्रीलंकेच्या महेला जयवर्धनेने तर नाबाद १०३ धावा काढल्या होत्या. अशा झुंजीला ‘धुव्वा’ म्हणणे हा पराभूतांवर अन्याय नव्हे काय? आणि जेत्यांच्या परिश्रमांचेही त्यात मोल राहते काय?

मुलांनो, डोळ्यांनी जे पाहिले, तेच शब्दांत सांगावे. खेळाडू घाम गाळून खेळतो. पाहणाऱ्याने निदान नेमका शब्द तरी शोधावा!