सातशे वीस रुपयांची बचत

आमच्या भागात बकरी मेली की लोक विचारतात, "कितीची होती?" कशानं मेली, हे कोणी विचारत नाही. मी ते सांगणार आहे, कारण माझ्या दोन बकऱ्या माझ्याच लोभानं मेल्या.

मे महिना होता. उमरेडकडच्या एका बाजारातून नऊ बकऱ्या घेतल्या. पिकअपचं भाडं सत्तावीसशे ठरलं. हौद्यात पंधरा भरल्या तर बकरीमागं एकशे ऐंशी, सत्तावीस भरल्या तर शंभर. आणखी दोघांच्या अठरा होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "दाटून भरल्या तर पडत नाहीत, काकाजी. एकमेकीच्या आधारानं उभ्या राहतात." मला ते पटलं. पटायलाच पाहिजे होतं, माझे सातशे वीस रुपये वाचत होते.

भर दुपारी निघालो. वरून ताडपत्री गच्च बांधलेली. भिवापूर गेलं, पवनी गेली, वैनगंगेचा पूल ओलांडला. लाखांदूरच्या अलीकडे एक मोटारसायकल आडवी आली आणि ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. मागं धबाधब आवाज झाला. ड्रायव्हर म्हणाला, "उठतात जी आपोआप." मी खाली उतरून पाहिलं नाही. घरी फाळका पाडला तेव्हा तळाशी दोन मेलेल्या. एकीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, दुसरीच्या गळ्यात दोर रुतलेला. घरची एवढंच म्हणाली, "इतक्या कावून भरल्या जी?" त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आता त्या "दाटून भरा" वाल्यांना माझं सांगणं. दाटीत बकरी पडत नाही, हे खोटं. पत्र्याचा हौदा, त्यावर लेंड्या आणि मूत, खूर सटकणारच. मोकळ्या जागेत पडलेली बकरी उठते. दाटीत पडलेलीवर बाकीच्या उभ्या राहतात. रवंथ करणारं जनावर आडवं दबून राहिलं की त्याला ढेकर देता येत नाही, पोटात वायू साचतो आणि जीव जातो. तिला उठायला जागा नव्हती, म्हणून ती मेली. गळ्यातला दोर तर फासच. पडली तर आवळतो, फळीवरून उडी मारली तर लटकवतो.

दुसरे म्हणतात, "नियम म्हणजे शेतकऱ्याला छळायची सोय." मीही तसंच म्हणत होतो. मग जनावरांच्या वाहतुकीचे 1978 चे नियम एका शिकलेल्या पोराकडून वाचून घेतले. साडेचार-पाच टनी ट्रकात चाळीसपेक्षा जास्त शेळ्या-मेंढ्या नकोत. पाय बांधू नका. उडी मारायचा धोका नसेल तर दोरही नको. खाली पाच सेंटिमीटर जाडीचं गवत-तणस अंथरा. नर आणि माद्या मिसळू नका. यात छळ कोणता? आपली आजी खासरात कोकरू नेताना हेच करत होती. धानाच्या जिल्ह्यात तणशीला तोटा नाही. बांधावर आपण ती पेटवून देतो आणि बकरी उघड्या पत्र्यावर उभी करतो!

सरकारलाही सोडत नाही. 1960 च्या कायद्यात जनावराला निर्दयपणे वागवण्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड लिहिला गेला दहा ते पन्नास रुपये. अशा दंडाला कोण भिईल? आणि शहरातल्या भल्या माणसांनो, रस्त्यात गाडी दिसली की तुम्ही फोटो काढता. पण बाजाराच्या जागी सावली, पाणी आणि चढवायला एक उतरता ओटा असावा, यासाठी कधी अर्ज केला का?

तोवर ओट्याची वाट पाहू नका. गाडीचं तोंड फिरवून मागची बाजू धुऱ्याला नाहीतर तलावाच्या पाळीला लावा, बकरी चालत चढते. कान-तंगडी धरून फेकायचं काम नाही. पहाटे निघा. निघताना पाणी पाजा, पण पोट भरून दाणा देऊ नका. गाभण आणि पिल्लं फळी लावून वेगळी ठेवा. ताडपत्री वरून बांधा, बाजू उघड्या ठेवा. आणि तासा-दोन तासांनी उतरून पाहा. मी उतरलो असतो तर फुगलेली तरी उभी करता आली असती.

हिशेबच पाहिजे असेल तर घ्या. वाचवले सातशे वीस. आठ हजाराच्या दोन बकऱ्या गेल्या, म्हणजे सोळा हजार. आमच्या गावात विधवा बाईची बँक म्हणजे दोन बकऱ्या. पोराची फी, दवाखाना, सगळं त्यातूनच. म्हणजे त्या दिवशी मी एका बाईची अख्खी बँक पत्र्यावर तुडवून मारली, अन् म्हटलं काय, तर भाडं वाचवलं.

आता मी पंधराच नेतो. बाजारात लोक हसतात. हसू द्या. माझ्या सगळ्या बकऱ्या स्वतःच्या पायांनी घरात शिरतात.