जुन्या भिंती आणि आतली माणसे

फ्रिजची मागची बाजू गरम कशी, असे आईने मला एकदा विचारले होते. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, म्हणून. उष्णता-पंप हेच काम उलट करतो. बाहेरच्या थंड हवेतली वा पाण्यातली उष्णता ओढून तो घरात आणतो. एक युनिट विजेत साधारण तीन युनिट ऊब मिळते आणि गॅस जाळावा लागत नाही.

स्कॉटलंडमधील एडिंबरोचे जुने व नवे शहर १९९५ पासून जागतिक वारसा आहे. तेथे दगडी इमारतींत एकाच जिन्यावर अनेक बिऱ्हाडे राहतात. संरक्षित घराच्या दर्शनी भिंतीवर पंपाची पेटी बसवायला परवानगी लागते. शोभा जाते, असे रसिक म्हणतात. त्यांतल्या कितीजणांना त्या घरात जानेवारी काढायचा असतो, कोण जाणे!

मित्रहो, झुरिचचे नगरभवन १६९८ चे. तेथे १९३८ साली लिम्मत नदीतून उष्णता घेणारा पंप बसवला, तो २००१ पर्यंत चालला. वास्तू आजही दिमाखात उभी आहे. मग शोभेचे एवढे भय कशाला?

खरी अडचण पैशाची. पंपाचे पाणी बॉयलरइतके कढत नसते, म्हणून खिडक्यांच्या फटी बुजवाव्या लागतात, पुष्कळदा रेडिएटरही मोठे घ्यावे लागतात. पेटी सामाईक परसात ठेवायची, तर शेजाऱ्यांची संमती हवी. (चाळीत टाकीसाठी बैठक भरवून पाहा!)

भिंत साऱ्या जगाची, तर तिच्याआडच्या उबेचा खर्च एकट्या बिऱ्हाडाने का सोसावा? माझ्या मते, नगरपालिकेने दर्शनी जागा नाकारताना दुसरी जागा दाखवावी आणि तेथवर नळ नेण्याच्या खर्चाचा वाटाही उचलावा.