लॅपटॉपवरच्या हिरव्या लेबलाबद्दल

या सदरात आम्ही शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, रेशनकार्ड अशा विषयांवर लिहीत असतो. आज लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स कार्डाविषयी लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून; जमा-खर्चापलीकडे यंत्रातले आम्हांस काय कळणार? पण गेल्या महिन्यात शेजारच्या मावशी आपल्या मुलाला घेऊन आमच्या घरी आल्या आणि हे सारे समजून घेणे भाग पडले.

मुलगा अ‍ॅनिमेशन शिकतो. मावशी चार घरची धुणीभांडी करतात. भिशी उचलून त्यांनी त्याला जुना, वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला. दुकानदाराने 'हा ग्राफिक्सवाला आहे' असे सांगून तीन हजार जास्त घेतले. वर्गातल्या मित्राकडेही जुनाच लॅपटॉप, कार्डही तेच : एनव्हिडिया कंपनीचे जीफोर्स एमएक्स १५०. पण एकच चित्र तयार करायला मित्राच्या लॅपटॉपपेक्षा याचा लॅपटॉप बराच जास्त वेळ घेई. मावशी म्हणाल्या, "दादा, पोरगं म्हणतं कार्ड एकच आहे. मग आमचंच का रखडतं?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढच्या रविवारी दोन्ही मुलांना बोलावले, दोन्ही लॅपटॉप सतरंजीवर शेजारी-शेजारी ठेवले आणि दुपारभर शोधत बसलो.

आधी हे कार्ड म्हणजे काय ते सांगतो. पडद्यावरचे प्रत्येक चित्र हजारो बारीक हिशेबांतून तयार होते. ते हिशेब प्रोसेसरमधलीच एक लहान चिप करते. कामचलाऊ टंकलेखन, सिनेमा, ऑनलाइन वर्ग यांना ती पुरते. जड कामासाठी काही लॅपटॉपमध्ये वेगळी चिप आणि तिची वेगळी मेमरी बसवतात, तेच ग्राफिक्स कार्ड. एमएक्स १५० हे मे २०१७ मध्ये आले. त्यात हिशेब करणारे ३८४ गाभे आणि बहुधा २ जीबी मेमरी असते. मेमरीकडे जाणारा रस्ता मात्र ६४ बिटांचा, म्हणजे अरुंद. त्याच काळातल्या लॅपटॉपच्या जीटीएक्स १०५० कार्डाला हा रस्ता दुप्पट रुंद होता. सार्वजनिक नळाला कितीही पाणी असो, तोटी बारीक असली की रांग लागायचीच.

आता मूळ गोम. या एकाच नावाखाली दोन कार्डे विकली गेली. एक २५ वॅट वीज घेणारे, दुसरे फक्त १० वॅटचे. पहिल्याचा वेग १,४६८ मेगाहर्ट्झपासून, दुसऱ्याचा ९३७ पासून. जोर लावला तरी १,०३८ पर्यंत. म्हणजे वेगात जवळजवळ एक-तृतीयांश घट. गाभे तेवढेच, नाव तेच, खोक्यावरची अक्षरे तीच. २०१८ च्या मार्चमध्ये लॅपटॉप तपासणाऱ्या परदेशी पत्रकारांनी हे उघड केले, तेव्हा कुठे गिऱ्हाइकांना कळले.

कंपनीच्या बाजूनेही सांगितले पाहिजे. पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर जायला जागा नसते, म्हणून कमी विजेचे कार्ड हवे, हे आम्हांस पटते. पण मग नाव वेगळे द्यायला काय हरकत होती? खात्यात दोन वेगळ्या रकमा एकाच नावाने लिहिल्या तर आमच्या साहेबांनी आम्हांस घरी पाठवले असते. आणि ही एकदाच झालेली चूक नव्हे. टेबलावरच्या संगणकासाठी आलेल्या जीटी १०३० या कार्डाची २०१८ मध्ये स्वस्त मेमरीची आवृत्ती निघाली. तिच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १६.८ वर आला, नाव मात्र तेच राहिले. २०१९ च्या एमएक्स २५० मध्येही पुन्हा दोन जाती.

ओळखायचे कसे? विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडावे. त्यात डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्सखाली कार्डाचे नाव दिसते. त्यावर दोनदा टिचकी मारून डिटेल्समध्ये जावे आणि हार्डवेअर आयडीज निवडावे. तेथे 'डीईव्ही' या अक्षरांपुढे १डी१० असेल तर कार्ड २५ वॅटचे, १डी१२ असेल तर १० वॅटचे. मावशींच्या मुलाच्या लॅपटॉपवर १डी१२ निघाले. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. ड्रायव्हर बदलून १० चे २५ होत नाहीत.

मग ते कार्ड अगदी टाकाऊ आहे का? तसे नाही. साधी मॉडेलं, नकाशे, फोटोची दुरुस्ती, जुने खेळ हे चालते. मोठे दृश्य घेतले की २ जीबी मेमरी भरते आणि काम अडते. शिवाय या पिढीच्या कार्डांना खेळांसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर मिळत नाहीत. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील असे कंपनीने जाहीर केले आहे. आज जुन्या बाजारात 'ग्राफिक्सवाला' म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० च्या अखेरीपासून, प्रोसेसरमधलीच 'आयरिस एक्सई' ही चिप अशा छोट्या कार्डांच्या तोडीची झाली. मात्र मेमरीच्या दोन पट्ट्या जोडीने बसलेल्या हव्यात. एकच पट्टी असली तर तीच चिप 'यूएचडी' या नावाने दिसते आणि मंदावते. दुसरी पट्टी घालणे पुष्कळदा नवे कार्ड शोधण्यापेक्षा स्वस्त पडते. नव्या लॅपटॉपमध्ये आरटीएक्स ३०५० असेल तर तेही ३५ ते ८० वॅटपर्यंत कितीही असू शकते, ४०५० असेल तर ३५ ते ११५. २०२१ पासून हा आकडा द्यावा असे एनव्हिडियाने लॅपटॉप करणाऱ्यांना सांगितले आहे. दुकानात उभे राहून तो विचारावा. 'सगळे सारखेच असते' असे उत्तर मिळाले तर बाहेर पडावे.

मावशींबरोबर आम्ही त्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने बिल काढून दाखवले. "यावर एमएक्स १५० लिहिलंय ना? मशीनमध्ये तेच आहे ना? मग तक्रार कसली?" बिल त्याच्या बाजूने होते. बराच वेळ हुज्जत घालून त्याने एक चार्जर बदलून दिला, तेवढेच.

मुलगा आता घरी फक्त मॉडेलं घडवतो. शेवटची चित्रे तयार करायला संध्याकाळी क्लासच्या संगणकावर बसतो. सरांनी आठवड्यातून दोन दिवस परवानगी दिली आहे. परवा वस्तीतले आणखी एक वडील मुलीसाठी लॅपटॉप घ्यायला निघाले, तेव्हा तोच त्यांच्याबरोबर गेला. बिलावर कार्डाच्या नावापुढे वॅटही लिहून घेतले.