नांदेड-लातूरच्या मुली आणि फुटबॉल : एका सोयीस्कर समजाचा इतिहास

१/ “मराठवाड्याच्या मातीत फुटबॉल नाही; आणि मुलींचा तर नाहीच.” नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत महिला फुटबॉल संघाचा विषय निघाला, की हे वाक्य भूगर्भशास्त्राचा सिद्धान्त असावा अशा थाटात उच्चारले जाते. इतिहासाच्या कसोटीवर मात्र त्याचे दोन्ही भाग कोसळतात.

२/ आधी माती. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नांदेड आणि लातूर हैदराबाद राज्यात होते. त्याच राज्याच्या राजधानीतील हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला.

३/ म्हणजे भारतीय फुटबॉलची एक राजधानी मराठवाड्याचीही राजधानी होती. खेळ तिथे बहरला. जिल्ह्यांत त्याची मुळे तशी रुजली नाहीत. राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा जोडला गेला तो मुंबई-कोल्हापूरच्या फुटबॉलशी. तिथेही त्याच्या वाट्याला शेवटचीच रांग आली. याला मातीचा दोष म्हणत नाहीत, वाटपाचा म्हणतात.

४/ आता “मुलींचा तर नाहीच.” २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० प्रेक्षक लोटले. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने महिलांना बंद केली. हा खेळ स्त्रियांना साजेसा नाही, हे कारण! ती बंदी सुटण्यास जवळपास ५० वर्षे लागली. मैदाने भरत असताना ज्यांना बाहेर काढले, त्यांनाच पुढे “तुम्हाला रस नाही” असे ऐकवले गेले.

५/ भारतात १९७५ साली महिलांची स्वतंत्र फुटबॉल संघटना उभी राहिली. १९८० साली कालिकत येथे आणि १९८३ साली बँकॉक येथे भारतीय महिला आशियाई स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या. त्यानंतर भारत त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचलेला नाही. खेळाडूंनी वाट पाडली होती. तिचा रस्ता कोणी केला नाही.

६/ महाविद्यालये हा रस्ता करू शकतात काय? अमेरिकेत १९७२ साली ‘टायटल नाइन’ कायदा झाला : सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही. त्यातून मुलींचे संघ उभे राहिले. १९८२ च्या पहिल्या एनसीएए महिला सॉकर स्पर्धेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ जिंकले. १९९१ साली पहिला महिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला, तेव्हा प्रशिक्षक होते याच विद्यापीठाचे अँसन डोरन्स. कायद्यापासून विश्वचषकापर्यंत १९ वर्षे.

७/ नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत. १९ वर्षांचा तो अवधी २०१३ मध्येच सरला. पैशाच्या बाबतीत अमेरिकेशी तुलना अन्यायाची ठरेल; काळाच्या बाबतीत नाही.

८/ विसंगती पाहावी तर लातूरची. ‘लातूर पॅटर्न’ने महाराष्ट्राला शिकवले, की गुणवत्ता उपजत नसते, ती वेळापत्रक, सराव आणि पुन्हा पुन्हा घेतलेल्या चाचण्यांनी घडवता येते. तेच शहर खेळाबद्दल मात्र “आपल्याकडे ते रक्तातच नाही” म्हणते. परीक्षेला लागू पडणारा नियम पायातील चेंडूला का लागू पडू नये?

९/ पाण्याचा आक्षेप खरा आहे. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हिरवळ मागणे क्रूर ठरेल. पण सरावाला हिरवळ अनिवार्य नाही; सपाट केलेले, दगड वेचलेले मैदान पुरते. शेजारच्या उस्मानाबादची, म्हणजे आजच्या धाराशिवची, सारिका काळे खो-खो खेळून २०२० साली अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचली. मातीने तिला अडवले नाही.

१०/ मग हवे काय? स्पर्धेच्या तोंडावर चार दिवसांत जमवलेला संघ हा संघ नव्हे. ती हजेरी आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत निम्मे संघ एकच सामना खेळून घरी परततात. वर्षाला एक सामना खेळून कोणी खेळाडू होत नाही. चार जिल्ह्यांची साखळी स्पर्धा, मैदानावर मुलींसाठी राखीव वेळ, महिला प्रशिक्षक आणि सरावानंतर गावी परतण्याची सोय : एवढ्याने आरंभ होतो. यातील एकही गोष्ट मातीवर अवलंबून नाही.

११/ २०२२ ची महिला आशियाई स्पर्धा महाराष्ट्रातच झाली. सामने नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात. वाटपाची ती जुनी रेषा पुन्हा पुण्यापाशीच थांबली. ती पूर्वेकडे नेण्यासाठी कोणी राजधानीची वाट पाहू नये. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि या विद्यापीठाचा स्थापनादिनही. त्या दिवशी मुक्तीवर भाषणे होतात. एखाद्या वर्षी त्याच दिवशी मुलींच्या साखळीचा पहिला सामना सुरू झाला, तर त्या भाषणांना थोडे वजन येईल.